बी-१२ कमी आलं, म्हणून मन आजारी पडलं का?

रक्ताच्या तपासणीचा कागद हातात येतो. बी-१२ समोर १४० असा आकडा आणि बाजूला 'कमी' असा शेरा. ज्याचा हा कागद, त्याला गेले कित्येक महिने नीट झोप नसते. कामात लक्ष लागत नाही, क्षुल्लक गोष्टीवरून चिडचिड होते, कधी उगाच रडू येतं. मग डॉक्टरांना, केमिस्टला नाहीतर शेजारच्यांना एकच प्रश्न विचारला जातो: हे सगळं व्हिटॅमिनमुळेच होतं का? गोळ्या घेतल्या की बरं वाटेल ना?

प्रश्न साधा आहे, उत्तर माणसागणिक वेगळं असतं. कुणाचा त्रास खरोखर कमतरतेतूनच आलेला असतो. कुणाच्या मूळ आजारात कमतरतेने भर घातलेली असते. आणि पुष्कळदा दोन्ही गोष्टी एकाच माणसात असतात, पण एकमेकींशी त्यांचं काही देणंघेणं नसतं. आपलं कोणतं, हे बऱ्याच अंशी शोधता येतं. न शोधता गृहीत धरलं की मात्र नुकसान होतं. एखाद्याचा सहज बरा होणारा आजार वर्षानुवर्षं 'मनाचा' म्हणून पडून राहतो, तर दुसऱ्या कुणाचं खरंखुरं नैराश्य मल्टिव्हिटॅमिन घेत घेत वाढत जातं.

जीवनसत्त्व नसेल तर माणसाचं मन बिघडू शकतं, याचा सर्वांत ठसठशीत पुरावा शंभर वर्षांपूर्वीचा आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातलं होतं. उन्हाला उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलली जायची, जुलाब लागायचे आणि माणूस हळूहळू भ्रमिष्ट व्हायचा. मनोरुग्णालयांत असे रुग्ण मोठ्या संख्येने होते. रोग संसर्गाने पसरतो, असं बहुतेक डॉक्टर मानत. १९१४ मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासासाठी पाठवलं. त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली: रुग्णांच्या सोबत दिवसरात्र राहणाऱ्या परिचारिकांना आणि नोकरांना हा रोग होत नव्हता. संसर्ग असता तर त्यांना आधी झाला असता. फरक होता तो ताटात. रुग्णांना मका, काकवी आणि चरबीचे तुकडे एवढंच मिळायचं. कर्मचाऱ्यांच्या जेवणात दूध, अंडी, मांस असायचं. गोल्डबर्गर यांनी अनाथाश्रमांत आणि जॉर्जिया राज्यातल्या एका मनोरुग्णालयात जेवण सुधारलं, आणि तिथला पेलाग्रा हटला. पुढे १९३७ मध्ये कॉनराड एल्व्हेजेम यांनी कुत्र्यांमधला असाच एक आजार निकोटिनिक ॲसिडने बरा करून दाखवला. हेच नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व. ज्यांना आयुष्यभरासाठी वेडं ठरवलं गेलं होतं, त्यांतल्या कित्येकांना औषध म्हणून हवं होतं ते चौरस जेवण.

ही गोष्ट आपल्यापासून फार लांबची नाही. दख्खनच्या पठारावर हैदराबादच्या आसपास ज्वारीवरच पोट भरणाऱ्या गरीब मजुरांमध्ये पेलाग्रा दिसत असे. डॉ. सी. गोपालन आणि त्यांचे सहकारी श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतल्या ल्युसिन या घटकाकडे बोट दाखवलं. त्या मांडणीवर नंतर वाद झाले. हे वाचून कुणी भाकरी सोडू नये. सोबत डाळ, शेंगदाणे, दूध-ताक असणाऱ्या घरात ज्वारी उत्तमच आहे. रोग होत होता तो सोबत दुसरं काहीच नसणाऱ्यांना.

आज शहरात काय, गावात काय, पेलाग्रा क्वचितच दिसतो. बी-१२ ची कमतरता मात्र घरोघरी आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलायला हवं.

बी-१२ शरीरात नेमकं करतं काय?

दोन कामं आपल्या विषयाशी थेट निगडित आहेत. पहिलं म्हणजे मज्जातंतूंवरचं वेष्टन. विजेच्या तारेवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं, तसं मज्जातंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं, आणि ते शाबूत राहायला बी-१२ लागतं. ते विरलं की संदेश मंदावतात किंवा भलतीकडे जातात. तळपायांना मुंग्या येणं, अंधारात किंवा डोळे मिटून चेहरा धुताना तोल जाणं, ही त्याची नेहमीची लक्षणं.

दुसरं काम रासायनिक आहे. शरीरात होमोसिस्टीन नावाचा पदार्थ सतत तयार होत असतो. बी-१२ आणि फोलेट (बी-९) मिळून त्याचं मेथिओनिनमध्ये रूपांतर करतात, आणि मेथिओनिनपासून तयार होणारा एक रेणू मेंदूतल्या अनेक प्रक्रियांना लागणारा 'मिथाइल' गट पुरवतो. मनःस्थितीशी संबंधित रसायनांची घडण आणि विल्हेवाट या व्यवस्थेवर अवलंबून असते. बी-१२ कमी पडलं की होमोसिस्टीन साठतं आणि पुढचा पुरवठा आटतो. सेरोटोनिन आणि डोपामिन बनवण्याच्या शेवटच्या टप्प्यात बी-६ लागतं, तेही याच कुटुंबातलं. त्यामुळे 'ब' गटातल्या जीवनसत्त्वांचा आणि मनाचा संबंध आहे का, या प्रश्नाला जीवरसायनशास्त्राचं उत्तर निःसंदिग्ध 'हो' असं आहे. पण यंत्रणेत एखादी वस्तू लागते, याचा अर्थ ती जास्त घातली की यंत्रणा जास्त चांगली चालते, असा होत नाही. या मुद्द्याकडे पुढे येऊच.

बी-१२ च्या कमतरतेत मनाची लक्षणं कोणती दिसतात? उदासी, थकवा, विसरभोळेपणा, विचार मंदावणं, चिडखोरपणा. गंभीर अवस्थेत संशय, भास, भ्रम. म्हाताऱ्या माणसात हे दिसलं की घरचे 'म्हातारचळ लागला' म्हणून सोडून देतात. असं सोडून देणं मला सर्वांत जास्त सलतं, कारण स्मृतिभ्रंशाच्या ज्या थोड्या कारणांवर खरोखर इलाज आहे, त्यांत हे एक आहे आणि ते शोधायला बहुतेक वेळा एक रक्ततपासणी पुरते.

इथे एक गैरसमज डॉक्टरांमध्येही बराच काळ होता: बी-१२ कमी असेल तर आधी ॲनिमिया होणार, मगच मज्जासंस्थेवर परिणाम. १९८८ मध्ये जॉन लिंडेनबॉम आणि सहकाऱ्यांनी बी-१२ च्या कमतरतेमुळे मेंदूची आणि नसांची लक्षणं असलेल्या १४१ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतल्या ४० जणांमध्ये ना ॲनिमिया होता, ना रक्तपेशी मोठ्या झाल्या होत्या. म्हणजे हिमोग्लोबिन छान आहे म्हणून बी-१२ ही ठीकच असेल, असं धरून चालता येत नाही.

पुण्याने दाखवलेलं चित्र

या विषयावरचं जगात नावाजलेलं काम आपल्याकडे पुण्यात झालं आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले असे ४४१ मध्यमवयीन, एरवी निरोगी पुरुष तपासले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांचं बी-१२ कमी निघालं. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होतं. म्हणजे कमतरता गरिबीपेक्षा ताटातल्या पदार्थांशी जास्त बांधलेली होती.

कारण उघड आहे. बी-१२ जिवाणू तयार करतात आणि ते आपल्यापर्यंत पोचतं प्राण्यांमार्फत: मांस, मासे, अंडी, दूध. भाज्या, डाळी, फळं, धान्यं यांत ते नसतं. दिवसाला मोठ्या माणसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम लागतं. पेलाभर दुधातून जेमतेम एक मायक्रोग्रॅमच्या आसपास मिळतं, आणि तेही बराच वेळ उकळलं तर घटतं. दिवसातून दोन कप चहातलं दूध हाच ज्यांचा दुग्धाहार, त्यांचा हिशेब कसा जुळणार? 'आम्ही नॉनव्हेज खातो' म्हणणारी घरंही बघा. रविवारी एकदा रस्सा होतो, त्यातही सोमवार, गुरुवार, शनिवार वर्ज्य, श्रावण वर्ज्य, आणि वाढताना घरातल्या बाईच्या वाट्याला बऱ्याचदा रस्साच येतो. इडली-डोशाचं पीठ आंबवल्याने भरपूर बी-१२ मिळतं, असं पुष्कळजण सांगतात. त्यावर विसंबू नये. स्पिरुलिना या शेवाळातल्या बी-१२ चा बराचसा भाग तर शरीराला वापरताच न येणाऱ्या रूपात असतो.

खाल्लेलं अंगी लागणं हाही एक प्रश्नच आहे. अन्नातलं बी-१२ मोकळं व्हायला जठरातलं आम्ल लागतं. वय वाढलं की ते कमी होतं. सकाळी उठल्या उठल्या ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्येही ते कमी होतं. मधुमेहासाठीचं मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ घटतं, हे तर चांगलंच सिद्ध झालेलं आहे. आता शाकाहारी, साठीपुढच्या, मधुमेही आणि पँटोप्राझोलसारखी ॲसिडिटीची गोळी घेणाऱ्या किती आज्या आपल्या ओळखीत आहेत, ते आठवून पाहा. औषधं स्वतःच्या मनाने बंद करायची नाहीत, तपासणी करायची.

यकृतात बी-१२ चा काही वर्षं पुरेल इतका साठा असतो, त्यामुळे आहार बदलला तरी त्रास लगेच होत नाही. आणि म्हणूनच तो सुरू होतो तेव्हा कुणी त्याचा खाण्याशी संबंध जोडत नाही.

तान्ह्या बाळांकडे तेवढा साठा नसतो. १९६२ मध्ये वेल्लोरच्या डॉक्टरांनी अंगावर पिणाऱ्या काही बाळांचं वर्णन प्रसिद्ध केलं. आया शाकाहारी होत्या आणि त्यांच्याच अंगात बी-१२ नव्हतं, तर दुधात कुठून येणार? ही बाळं आधी हसायची, ती हसेनाशी झाली. मान धरायची, ती टाकू लागली. निर्विकार चेहरा, काळवंडलेली त्वचा, हातापायांची थरथर. बाळ गुटगुटीतही दिसू शकतं, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. वेळेत बी-१२ दिलं तर काही दिवसांत बाळ पुन्हा आजूबाजूला बघायला लागतं. उशीर झाला तर बौद्धिक विकासावर कायमचा परिणाम राहू शकतो. गरोदरपणात फॉलिक ॲसिड आणि लोहाच्या गोळ्या नियमाने मिळतात, बी-१२ कडे तेवढ्याच काळजीने पाहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं. फॉलिक ॲसिडने रक्ताचा ॲनिमिया सुधारतो, पण बी-१२ च्या अभावाने होणारी नसांची हानी थांबत नाही. उलट धोक्याची खूण पुसली गेल्याने ती आत चालूच राहते.

फॉलिक ॲसिडचा उल्लेख आलाच आहे, तर थोडं मुंबईचं देणं सांगायला हवं. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली ती गिरणी कामगार बायकांना गरोदरपणात होणाऱ्या जीवघेण्या ॲनिमियाचा शोध घ्यायला. यीस्टपासून केलेल्या मार्माइटने तो बरा होतो, हे तिने दाखवलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट.

दारू आणि बी-१

आणखी एका जीवनसत्त्वाबद्दल सांगितलंच पाहिजे, कारण तिथे तासांचा हिशेब असतो. बी-१, म्हणजे थायमिन. दीर्घकाळ दारू पिणाऱ्यांचं जेवण तुटतं आणि दारू थायमिनचं शोषणही बिघडवते. मग एखाद्या दिवशी माणूस गोंधळतो, डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल लडखडते. 'जास्त झाली' म्हणून त्याला झोपवून ठेवलं जातं. हा वेर्निकेचा आजार असू शकतो आणि शिरेतून थायमिन तातडीने द्यावं लागतं, तेही ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी किंवा सोबत. वेळ गेली तर कोर्साकॉफ अवस्था येते: नवीन काही लक्षातच राहत नाही, आणि आठवणीतल्या रिकाम्या जागा माणूस न घडलेल्या गोष्टींनी भरतो. तो खोटं बोलत नसतो, त्याला ते खरंच वाटत असतं. गरोदरपणात आठवडेच्या आठवडे उलट्या होणाऱ्या बाईलाही, दारूचा थेंबही न घेता, हा आजार होऊ शकतो.

मग भरपूर व्हिटॅमिन दिली तर?

पेलाग्राच्या यशातून हा विचार सुचणं स्वाभाविक होतं. नायसिनच्या अभावाने भ्रम होतात, तर मग स्किझोफ्रेनियातल्या भ्रमांवर नायसिनचे मोठे डोस का देऊ नयेत? १९५० च्या दशकात कॅनडात अब्राम हॉफर आणि हम्फ्री ऑस्मंड यांनी तेच केलं, दिवसाला काही ग्रॅम. १९६८ मध्ये लायनस पॉलिंगसारख्या नोबेलविजेत्याने या विचाराला पाठिंबा दिला. पण काटेकोर चाचण्यांमध्ये फायदा दिसला नाही, आणि १९७३ मध्ये अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या समितीने ही पद्धत नाकारली. कमतरता नसलेल्या माणसाला ते जीवनसत्त्व दिल्याने दुसऱ्या कारणाने झालेला आजार जात नाही.

नैराश्याबाबतही साधारण हेच दिसतं. ब्रिटनमध्ये नैराश्याच्या औषधांसोबत फॉलिक ॲसिड देऊन पाहिलं गेलं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४७५ रुग्णांच्या या चाचणीत जास्तीचा फायदा आढळला नाही. फोलेटच्या एका वेगळ्या रूपाने, मिथाइलफोलेटने, औषधांना दाद न देणाऱ्या काही रुग्णांना मोठ्या डोसमध्ये मदत झाल्याचं २०१२ च्या एका छोट्या चाचणीत दिसलं. ते डॉक्टरांनी निवडून द्यायचं औषध आहे, स्वतः विकत आणून घ्यायचं नाही.

आता व्हिटॅमिन डी. नैराश्य असलेल्यांच्या रक्तात ते कमी आढळतं, हे अनेक पाहण्यांमध्ये दिसलं आहे. पण उदास माणूस घराबाहेर पडत नाही, ऊन अंगावर घेत नाही, जेवणावर त्याची वासना नसते. मग डी कमी झालं म्हणून उदासी, की उदासी म्हणून डी कमी? हे सोडवायचा मार्ग एकच, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना खोटी द्यायची. अमेरिकेत पन्नाशीपुढच्या १८,३५३ लोकांवर सरासरी पाच वर्षं हे केलं गेलं, रोज २,००० युनिट. २०२० मध्ये निकाल आला: नैराश्य येण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरक नव्हता. हाडांसाठी, स्नायूंसाठी डी ची कमतरता भरून काढलीच पाहिजे. अंगदुखी कमी झाली की मनालाही बरं वाटतं, तेही खरं. पण नैराश्यावरचा उपचार म्हणून त्याच्याकडे बघता येत नाही.

शिवाय ते अती झालं तर विषारी ठरतं. आपल्याकडे ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल मिळते, ती सहसा आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच घ्यायची असते. चिठ्ठी नीट न समजल्याने ती रोज घेणारे रुग्ण रुग्णालयात येतात: रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं, मूत्रपिंडावर ताण, आणि गोंधळलेलं, सुस्तावलेलं मन. मन सुधारायला घेतलेल्या गोळीनेच ते बिघडतं. बी-६ चंही तसंच, फार मोठे डोस दीर्घकाळ घेतले तर नसांना इजा होते.

कागद हातात असेल तर

बी-१२ तपासायचं असेल तर गोळ्या किंवा इंजेक्शनं सुरू करण्याआधी रक्त द्या. मल्टिव्हिटॅमिन चालू असताना आकडा फसवा येतो. साधारण २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, हे बहुतेक प्रयोगशाळा मानतात. २०० ते ३०० च्या मधला भाग संदिग्ध असतो. तिथे लक्षणं असतील तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक ॲसिड तपासायला सांगू शकतात. उदासी आणि थकव्यासाठी थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही याच वेळी बघितलं जातं.

आकडा कमी आला आणि सोबत मुंग्या, तोल जाणं, विस्मरण असेल तर उपचार बहुधा इंजेक्शनने सुरू होतो. रक्त काही आठवड्यांत सुधारतं, नसांना आणि मनाला महिने लागतात, आणि फार जुनी इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून टाळाटाळ नको.

उदासी मात्र खोल असेल, दोन आठवड्यांहून अधिक टिकली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असं वाटत असेल, तर 'आधी व्हिटॅमिनचा कोर्स पुरा करू, मग बघू' असं म्हणत थांबू नका. दोन्ही उपचार एकाच वेळी चालतात. मानसोपचारतज्ज्ञाला रिपोर्ट दाखवा. चालू असलेली मनाची औषधं बी-१२ कमी निघालं म्हणून बंद करू नका. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, आणि मराठीत बोलता येतं.

कोर्स संपला, बरं वाटलं, आकडा वर आला, की बहुतेकजण गोळ्या विसरतात. पण ताट तेच असतं. पुण्यातच झालेल्या एका अभ्यासात रोज दूध दिल्यावर तरुण शाकाहारींचं बी-१२ वाढलेलं दिसलं, तेव्हा दूध-दही वाढवणं हा एक मार्ग आहे. चालत असेल तर अंडी, मासे आहेतच. यांतलं काहीच चालत नसेल तर छोट्या डोसची गोळी कायमची चालू ठेवावी लागते. किती आणि कोणती, ते डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि पुढची तपासणी कधी करायची तेही त्याच कागदावर लिहून मागा.